अध्यापक अल्बर्ट लुथुली

दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्याला नेल्सन मंडेला आठवतात. मंडेलांच्या आधी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या अल्बर्ट लुथुली यांचा परिचय आम्ही या अंकात देत आहोत. ते मूळचे अध्यापक होते, याचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो.

त्यांचा जन्म १८९८ च्या सुमारास झाला. वडील लवकर वारले. आईने लोकांचे कपडे धुऊन त्यांना शिकविले. पुढे विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळत असूनही आईला आधार हवा म्हणून त्यांनी ती नाकारली व नोकरी पत्करली. नाताळ प्रांतातील ॲडम्स कॉलेजात ते झुलू भाषा व संगीत शिकवीत. १९३६ मध्ये ते आपल्या ग्राउटव्हिल गावचे प्रमुख झाले. या पदाचे वेतन अध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी होते, तरी लोकांच्या आग्रहाखातर त्यांनी ते स्वीकारले. १९३८ मध्ये एका ख्रिस्ती परिषदेसाठी ते मद्रासजवळील तांबरम येथेही येऊन गेले.

१९४८ नंतर तेथील सरकारने वर्णभेदाचे कायदे कडक केले. कोणी कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले. १९५२ मध्ये कृष्णवर्णीय व भारतीय वंशाच्या लोकांनी मिळून शांततेने कायदेभंग केला. आठ हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. लुथुलींनी या आंदोलनाला साथ दिली. सरकारने त्यांना बजावले की काँग्रेस सोडा, नाही तर प्रमुखपद सोडा. त्यांनी दोन्ही सोडण्यास नकार दिला. नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना पदावरून काढले. डिसेंबरमध्ये काँग्रेसने त्यांना अध्यक्ष निवडले.

त्यानंतर सभाबंदी, गावाबाहेर जाण्यास बंदी आणि १९५६ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक, हे सर्व त्यांनी सोसले. मार्च १९६० मध्ये शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली. तेव्हा कृष्णवर्णीयांना सक्तीने बाळगावा लागणारा पास लुथुलींनी सर्वांसमोर जाळला. १९६० चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना डिसेंबर १९६१ मध्ये ऑस्लो येथे मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले आफ्रिकन होत.

२१ जुलै १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. मालगाडीची धडक बसली, असे त्या वेळच्या चौकशीत नोंदविले गेले. कुटुंबीयांना ते कधीच पटले नाही. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो निष्कर्ष रद्द केला आणि मृत्यू पोलिसांच्या मारहाणीमुळे झाल्याचा निर्णय दिला.

पालकांना व विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की ही कथा घरी मुलांसोबत वाचावी. पद आणि तत्त्व यांतून एक निवडण्याची वेळ आली तर आपण काय कराल, हेही मुलांना विचारावे. आणि मुलांनी तोच प्रश्न आपल्याला विचारला, तर त्याचेही उत्तर तयार ठेवावे.