नान्सेन आणि चुकलेलं रीडिंग

प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं की आपण काय करतो, हे हॉस्टेलमधल्या कुणालाही सांगायची गरज नाही. आधी ग्राफ काढायचा, मग रीडिंग 'बसवायचं'. मीही बसवलंय. म्हणूनच फ्रिडत्यॉफ नान्सेन यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा सांभाळून घ्या.

नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी नॉर्वेमध्ये, आजच्या ऑस्लोजवळ झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचं, वेड स्कीइंगचं. १८८८ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी पाच साथीदारांसोबत ग्रीनलंड पार केलं.

नंतरचा प्लॅन तर लोकांना वेडेपणाच वाटला. 'फ्राम' नावाचं गोल बुडाचं जहाज मुद्दाम बर्फात अडकवायचं आणि बर्फासोबत उत्तर ध्रुवाकडे वाहत जायचं! जून १८९३ मध्ये फ्राम निघालं आणि सप्टेंबरमध्ये सायबेरियाच्या उत्तरेला गोठलं. जहाजावर तेरा माणसं. काम एकच, मोजत राहायचं. तिथला समुद्र उथळ असेल या समजुतीने दोर कमी घेतले होते. मग जहाजाचीच पोलादी केबल उसवून लांब तार वळली. खोली निघाली तीन हजार मीटरपेक्षा जास्त! वरच्या गार पाण्याखाली अटलांटिकचं जास्त खारट आणि थोडं उबदार पाणी सापडलं.

मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि योहानसेन कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाले. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचले आणि परत फिरले. एक हिवाळा दगडांच्या झोपडीत काढला. ऑगस्ट १८९६ मध्ये ते दोघे आणि त्यांच्यामागोमाग फ्रामही सुखरूप नॉर्वेला परतलं. नान्सेन हिरो झाले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पण खोल पाण्यात फरक इतका बारीक असतो की दशांशानंतरचा दुसरा आकडासुद्धा महत्त्वाचा ठरतो. १९०१ मध्ये आमुंडसेन यांनी आपल्या 'यॉआ' जहाजावरून नान्सेन यांच्यासाठी उत्तरेकडच्या समुद्रातलं पाणी आणलं. ते जास्त चांगल्या पद्धतीने तपासल्यावर कळलं की फ्रामवरचे खोल पाण्याच्या क्षारतेचे आकडे प्रमाणापेक्षा जास्त होते. तोवर तिथे दुसरं जहाज गेलेलं नव्हतं, त्यामुळे चूक पकडणारं कुणीच नव्हतं. तरी १९०६ मध्ये नान्सेन यांनी स्वतःच ती छापून टाकली.

नुसतं कबूल करून ते थांबले नाहीत. १९०२ ते १९०८ या काळात क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये, उपकरणं आणि पद्धती तपासणारी मध्यवर्ती प्रयोगशाळा त्यांच्या देखरेखीखाली चालली. त्यांच्या नावाची पितळी 'नान्सेन बॉटल' पुढे जगभरच्या जहाजांवर गेली. तारेवर अशा बऱ्याच बाटल्या अडकवून समुद्रात सोडायच्या. मग वरून एक छोटं वजन सोडायचं. ते आपटलं की बाटली उलटते, झडपा बंद होतात, थर्मामीटरमधला पारा तुटून तिथलं तापमान तसंच राहतं आणि पुढचं वजन खालच्या बाटलीकडे जातं. नंतर एका बाटलीला दोन थर्मामीटर लावायची पद्धत पडली, एकाचं रीडिंग दुसऱ्याशी ताडून बघायला. १९६० च्या दशकातल्या हिंदी महासागर मोहिमेतही याच बाटल्या होत्या. त्याच मोहिमेतून १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन यांनी चार लाखांवर युद्धकैदी घरी पोहोचवले आणि निर्वासितांसाठी 'नान्सेन पासपोर्ट' काढला. १९२२ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. १३ मे १९३० रोजी त्यांचं निधन झालं.

आज समुद्रात इलेक्ट्रॉनिक सेन्सर जातात, पण सोबत बाटल्याही जातात. सेन्सर खरं बोलतोय की नाही, हे बाटलीतल्या पाण्यावरूनच तपासतात. पुढच्या प्रॅक्टिकलला माझं रीडिंग चुकलं, तर चुकलेलंच लिहीन म्हणते. मार्क गेले तर गेले!