टिळकांचा अंतर्जागर

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे वियोगही घडला. तथापि त्यांच्यातील ख्रिस्ती साधकाची खरी कसोटी या विरहात नव्हे, तर पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयाने लाभलेल्या स्थैर्यात लागली, असे म्हणावे लागते. वेतन, मानमरातब, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकत्व : यांपैकी काहीच निंद्य नव्हते, म्हणूनच हा मोह ओळखणे अवघड. टिळकांनी तो ओळखला. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून, संन्यस्त वृत्तीने त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. या निःसंगतेचा भार लक्ष्मीबाईंनाही वाहावा लागला, हे नोंदविणे प्राप्त आहे. टिळकांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्ण केले.