दुरून पाहून शिकलेली विद्या : राजा रविवर्मा

बडोद्यातील राजा रविवर्मा यांच्या पौराणिक चित्रांसमोर उभे राहिले की रेशमी वस्त्रांची झळाळी, दागिन्यांवरचा प्रकाश आणि त्वचेची कांती यांवर नजर खिळून राहते. ही किमया तैलरंगांची. मात्र ते रंग हाताळण्याची विद्या या चित्रकाराला कोणी रीतसर शिकवलेली नव्हती.

त्रावणकोर संस्थानातील किलिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी रविवर्मांचा जन्म झाला. आई उमा अंबाबाई कवयित्री, वडील संस्कृतचे पंडित. घराच्या भिंतींवर कोळशाने प्राणी आणि माणसे रेखाटणाऱ्या या मुलाला शिक्षा होण्याऐवजी धडे मिळाले, कारण मामा राजराज वर्मा स्वतः तंजावर शैलीत चित्रे काढीत. रेषा कशी ओढावी, पाण्यात कालवलेला रंग कसा भरावा, हे रविवर्मा त्यांच्याकडेच शिकले. त्यापुढचे मामांनाही ठाऊक नव्हते.

१८६२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारी नेले. तेथे रामस्वामी नायडू हे तैलरंगात काम करणारे चित्रकार होते. त्यांनी शिकवण्यास साफ नकार दिला. त्या काळात ही विद्या म्हणजे पोटापाण्याचे साधन होते आणि राजाश्रयात प्रतिस्पर्धी वाढवणे कोणालाच परवडणारे नव्हते. नायडूंना केवळ कोत्या मनाचे ठरवणे त्यामुळे न्यायाचे होणार नाही. त्यांचाच शिष्य आरुमुगम पिल्लै रात्री गुपचूप येऊन आपल्याला जे येत होते ते रविवर्मांना सांगत असे, असे चरित्रकार नमूद करतात.

१८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपियन चित्रकार व्यक्तिचित्रे रंगवण्यासाठी दरबारात आले. शिकवण्याची तयारी त्यांचीही नव्हती. महाराजांच्या शब्दाखातर त्यांनी एवढेच मान्य केले, की काम चालू असताना या तरुणाने पाहत बसावे. रविवर्मांनी पाहिले. पाण्यातला रंग लगेच वाळतो. तेलातला दिवसेंदिवस ओला राहतो, म्हणून एका छटेत दुसरी मिसळता येते, चूक पुसता येते आणि खालचा थर सुकल्यावर त्यावर दुसरा चढवता येतो. पण तेल किती घ्यावे आणि कुठे थांबावे, हे नुसत्या नजरेने कळत नाही. त्यासाठी पुढची कित्येक वर्षे त्यांनी स्वतःच प्रयोग केले. राजवाड्यात आलेल्या युरोपियन चित्रांचाही अभ्यास केला. मद्रासची कलाशाळा १८५० पासून, तर मुंबईची जे. जे. १८५७ पासून सुरू होती. ते दोन्हींपैकी कुठेही गेले नाहीत.

१८७० मध्ये कोल्लूरच्या मूकांबिकेचे दर्शन घेऊन परतताना कालिकतच्या एका कुटुंबाचे चित्र रंगवण्याचे काम त्यांना मिळाले. मोबदला घेऊन केलेले हे त्यांचे पहिले काम. तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले आणि व्हिएन्नातही त्याचा गौरव झाला.

अशा शिक्षणात उणिवा राहतातच. त्यांच्या काही चित्रांतील पात्रे रंगमंचावरच्या नटांसारखी उभी दिसतात. शरीररचनेच्या शिस्तशीर अभ्यासाची उणीव तेथे जाणवते. वस्त्र आणि चेहरा रंगवण्यात मात्र त्यांना तोड नव्हती.

त्रावणकोरचे जुने दिवाण टी. माधवराव बडोद्याचे दिवाण झाले आणि त्यांच्या ओळखीतून १८८१ च्या सुमारास रविवर्मा सयाजीराव गायकवाडांकडे आले. पुढे महाराजांनी चौदा पौराणिक चित्रांचे काम दिले. देवदेवतांना कोणता पेहराव द्यावा हे ठरवण्यासाठी रविवर्मा धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांच्यासह उत्तरेत हिंडले, म्हणजे चाळिशीतही त्यांचे पाहणे चालूच होते. १८९० मध्ये चित्रे पुरी झाली.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला; तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. व्यवहारात तो तोट्याचा ठरला आणि अखेर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेला. पण तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीच्या भिंतींवर पोहोचल्या आणि ज्यांना चित्रकलेचा शिक्षक परवडत नव्हता, अशा कित्येकांनी त्या समोर ठेवून हात वळवला.

रविवर्मांनी आपली विद्या कधी दडवून ठेवली नाही. बंधू राजराज वर्मा त्यांच्याच हाताखाली तयार झाले. अनेक चित्रांतील निसर्गाची पार्श्वभूमी या बंधूंची आहे. १९०५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०६ रोजी, किलिमानूर येथे रविवर्मांचे निधन झाले.