पंगतीतली जागा

थॉमस रॉबर्ट माल्थस हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात ऐकलेले असते. लोकसंख्या भूमिती श्रेणीने वाढते आणि अन्नधान्य गणिती श्रेणीने, एवढे परीक्षेपुरते पाठ करायचे आणि सोडून द्यायचे. पुढे त्याचे चरित्र वाचताना मला मात्र एक कोडे पडले. घरीदारी इतका मायाळू असलेला हा माणूस जगाच्या लेखी निर्दयी कसा ठरला?

त्याचा जन्म १७६६ चा, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. वडील सुखवस्तू आणि पुस्तकवेडे. तत्त्वज्ञ रूसो त्याच वर्षी त्यांच्या घरी येऊन गेला होता. मुलाचा ओठ आणि टाळू जन्मतःच दुभंगलेले, त्यामुळे बोलण्यात दोष. तरी केंब्रिजला गणितात त्याने नाव काढले आणि पुढे एका खेड्यातल्या प्रार्थनामंदिरात तो धर्मोपदेशक झाला.

या खेडवळ वस्तीत त्याचे डोळे उघडे होते. मजुरांची जी मुले चौदा-पंधरा वर्षांची वाटत, ती चौकशी केल्यावर अठरा-एकोणीस वर्षांची निघत. नांगरामागे चालणाऱ्या पोरांच्या पायांना पोटऱ्या म्हणून नसत. हे निरीक्षण त्याच्या पहिल्या पुस्तकातच आहे. मला वाटते, त्याचा सिद्धान्त कागदावरच्या गणिताइतकाच या पोटऱ्यांमधूनही आला असावा.

वडिलांना मानवजातीचे भविष्य उज्ज्वल वाटे, मुलाला ते पटेना. त्या वादातून १७९८ मध्ये एक निनावी पुस्तक निघाले. हिशेब साधा होता. लोकसंख्येला आडकाठी नसेल तर ती दर पंचवीस वर्षांनी दुप्पट होते. धान्य फार तर तेवढ्या काळात ठराविक मापाने वाढेल. म्हणजे दोनशे वर्षांत माणसे २५६ पट आणि धान्य ९ पट! मधली तफावत भूक, रोगराई आणि लढाया भरून काढणार.

आपल्याकडे नदीत जलपर्णी पसरते तेव्हा हेच दिसते. आधी दोन-चार झुबके असतात, कुणी लक्ष देत नाही. ते दुपटीने वाढत जातात आणि एके दिवशी पाणीच दिसेनासे होते. मग जागा संपते, ऊन पुरत नाही, वाढ थंडावते. बेल्जियमचा गणिती व्हेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये या थंडावण्याचे समीकरण मांडले. त्याच वर्षी चार्ल्स डार्विनने माल्थस वाचला आणि जगण्याच्या चढाओढीचे सूत्र त्याच्या हाती लागले.

१८०३ च्या आवृत्तीवर माल्थसने आपले नाव घातले. लग्न उशिरा करून संयम पाळावा, हा मार्गही त्यात सुचवला. पण त्यातच एक भयंकर उतारा होता. ज्याला आईबाप पोसू शकत नाहीत आणि ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही, त्याच्यासाठी निसर्गाच्या पंगतीत पान मांडलेले नाही, अशा आशयाचा. पुढच्या आवृत्तीत त्याने तो काढून टाकला. लोक मात्र तेवढाच लक्षात ठेवून बसले.

१८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात त्याची नेमणूक झाली. हिंदुस्थानात कारभार करायला येणारी तरुण पोरे तिथे शिकत. हेलिबरीच्या या कॉलेजात तो अखेरपर्यंत शिकवत राहिला. विद्यार्थी त्याला लोकसंख्येवरून लाडके टोपणनाव देत. कानाने अधू असलेल्या लेखिका हॅरिएट मार्टिनो यांना त्याचे संथ, मृदू बोलणे कर्ण्याशिवायही समजे. त्याला तीन मुले झाली. त्यातली एक मुलगी तरुणपणीच गेली.

गरिबांना सरसकट मदत दिली तर गरिबीच वाढते, हे त्याचे मत. १८३४ मध्ये इंग्लंडने गरिबांचा कायदा कडक केला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. पुढे १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसे मरत होती आणि हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालूच होती. तिथे उणीव धान्याइतकीच ते विकत घेण्याच्या ऐपतीची होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांची ही बाजू सविस्तर मांडली. माल्थसच्या हिशेबात हा रकाना अपुराच राहिला होता.

त्याचे भाकीतही तसेच्या तसे उतरले नाही. त्याच्या काळी शंभर कोटींच्या आसपास असलेले जग २०२२ मध्ये आठशे कोटींवर गेले. रासायनिक खते आणि सुधारित बियाणे यांनी धान्य वाढवले. दुसरीकडे, मुली शिकल्या, जन्मलेली मुले जगू लागली, तशी घरे आपणहून लहान झाली. २०१९-२१ च्या पाहणीत भारतात दर स्त्रीमागे सरासरी दोनच मुले आढळली. जलपर्णीला असा विचार करता येत नाही.

तरीही मी माल्थसला मोडीत काढणार नाही. पाणी, जमीन, हवा यांना मर्यादा आहेत, हे त्यानेच आपल्याला हिशेब मांडून सांगितले. फक्त त्या हिशेबाचा आधार घेऊन कुणी उपाशी माणसाकडे पाठ फिरवू लागला, तर आपण त्याला त्या पोटऱ्या नसलेल्या पोरांची आठवण करून द्यावी. माल्थसनेही ती पाहिली होती.