जॉर्ज मुल्लर यांची राखलेली जीभ

नीतिसूत्रांच्या 30 व्या अध्यायात आगूर देवाजवळ दोनच मागणी करितो, एक लबाडीविषयी व दुसरे धनाविषयी. ही दोन्ही एकत्र का मागावी, असे पुष्कळांस वाटते. ब्रिस्टल शहरातील अनाथांचे पालक जॉर्ज मुल्लर यांचे चरित्र वाचिले असता त्याचा उलगडा होतो.

मुल्लर यांचा जन्म प्रशिया देशात 1805 साली झाला. बाप सरकारी कर वसूल करी. त्याच्या ताब्यातील पैसा हा मुलगा दहा वर्षांचा होण्यापूर्वीच चोरू लागला. एकदा बापाने मोजून ठेविलेली रक्कम कमी भरली, तेव्हा ती मुलाच्या बुटात पायाखाली सापडली. सोळाव्या वर्षी खाणावळीचे पैसे बुडविल्यामुळे त्यास तुरुंग घडला. पुढे शाळेत असता सर्व पैसे उधळून त्याने स्वतःच्याच पेटीचे कुलूप फोडिले आणि चोरी झाली म्हणून ओरड केली; मित्रांनी कळवळून वर्गणी करून दिली ती त्याने घेतली. आणि हा तरुण पाळक होण्यासाठी शिकत होता! 1825 साली हाले येथे एका घरगुती प्रार्थनासभेत देवाने त्याचे मन फिरविले.

1829 साली ते इंग्लंडात आले. दुसऱ्याच वर्षी टेनमथ येथील मंडळीत त्यांनी ठराविक पगार सोडिला. कारण तो बाकांच्या भाड्यातून येई, आणि चांगले बाक श्रीमंतासच मिळे. त्यांनी व त्यांची पत्नी मेरी यांनी आपली गरज देवावाचून कोणास न कळविण्याचा निश्चय केला. 1836 साली ब्रिस्टल येथे अनाथगृह उघडिल्यावर तोच नियम तेथेही चालविला.

न मागणे सोपे आहे. न सुचविणे कठीण. 1841 च्या अखेरीस वार्षिक सभा भरवून अहवाल छापण्याची वेळ आली, तो गंगाजळी जवळजवळ रिकामी. अहवालात लबाडी काहीच नव्हती. तथापि ह्या समयी तो काढिला तर लोक त्यास हात पसरणे समजतील, म्हणून मुल्लर यांनी सभा व अहवाल दोन्ही पुढे ढकलिली. पुढचे काही महिने फार ओढीचे गेले. सकाळच्या जेवणास आहे तर संध्याकाळचे ठाऊक नाही, असे कित्येक दिवस आले. परंतु मुले उपाशी निजली नाहीत.

एकदा तर एका दात्याने आपण होऊन पत्राने विचारिले की, सध्या काही अडचण आहे काय? त्या वेळी हाती साडेसत्तावीस पेन्स होते. विचारल्यावर खरे सांगण्यास काय हरकत, असे आपणांस वाटेल, आम्हांसही वाटते. मुल्लर यांनी आदराने लिहिले की, निधीच्या स्थितीविषयी आपण बोलत नाही. आणि पत्र रवाना करून ते गुडघ्यांवर आले. त्या गृहस्थाने 100 पौंड पाठविले. ते पोहोचले तेव्हा हाती एक पेनीही उरली नव्हती.

येथे आम्हांस आपल्याच प्रार्थनासभा आठवल्यावाचून राहत नाहीत. कित्येकदा आपण डोळे मिटून देवास पोरांची फी व गळके छप्पर सांगतो, आणि कान मात्र पुढे बसलेल्या पाहुण्याकडे असतो. पेटीचे कुलूप फोडून ओरडणाऱ्या त्या मुलाला ही कला चांगली साधली असती.

1870 सालापर्यंत ॲशली डाउन येथे पाच मोठी गृहे उभी राहून सुमारे दोन हजार मुलांची सोय झाली. म्हातारपणी मुल्लर हिंदुस्थानातही उपदेश करून गेले. केडगावच्या पंडिता रमाबाई यांनी त्यांचे चरित्र वाचून आपल्या विश्वासास बळ मिळाल्याचे लिहून ठेविले आहे.

1898 च्या मार्च महिन्यात, 9 तारखेच्या संध्याकाळी त्यांनी प्रार्थनासभा चालविली. 10 तारखेस सकाळी ते आपल्या खोलीत मृत आढळले. त्यांच्या हातून आयुष्यात सुमारे पंधरा लाख पौंड गेले होते. मागे त्यांची मालमत्ता मोजिली, ती घरसामान धरून सुमारे 160 पौंड भरली.