त्रेपन्नाव्या वर्षी सायकल

मैत्रिणींनो, स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून दे, असा अध्यक्षाबाईंचा आग्रह झाला. मी निवडलेली बाई सातासमुद्रापलीकडची आहे. पण तिचा धागा आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यापर्यंत पोहोचतो. केडगावला मुक्तिसदन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा तेथील स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेने त्यांना आपल्या कार्यात सामावून घेतले. त्या संघटनेच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड, त्यांचीच ही हकिगत.

फ्रान्सिसबाई १८३९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मल्या. त्यांचे बालपण विस्कॉन्सिनमधल्या शेतमळ्यावर भावाबहिणींबरोबर रानात हुंदडण्यात गेले. पण सोळावे वर्ष लागले आणि अंगावर पायघोळ झगा आला. पावलापावलाला घोळ पायांत येई. तेव्हापासून त्यांना चालणेच नकोसे झाले. आपल्याला हे नवे का आहे? मुलगी मोठी झाली की चिंचेवर चढणे बंद, मोठ्याने हसणे बंद. तो दिवस आपल्यापैकी कितीजणींना आठवत असेल!

पुढे त्या शिक्षिका झाल्या. १८७१ साली एव्हन्स्टन येथील स्त्रियांच्या महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. १८७९ पासून अखेरपर्यंत त्या दारूबंदी संघटनेच्या अध्यक्षा होत्या. दारूने संसार उद्ध्वस्त होतात ते बाईचे. मग मत देण्याचा हक्कही बाईला हवा, असे त्यांचे सांगणे. त्यासाठी त्या गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या.

१८९२ साली त्यांची आई वारली. त्या दुःखाने आणि अतिश्रमाने प्रकृती ढासळली. त्या इंग्लंडात आपल्या मैत्रिणीकडे, लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे राहू लागल्या. परक्या देशात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी सायकल शिकण्याचे मनावर घेतले.

पूर्वीच्या सायकलचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे. झगा नेसून त्यावर बसणार कोण? १८८५ च्या सुमारास सारख्या चाकांची सायकल निघाली आणि १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर काढला, तेव्हा कुठे बायकांची सोय झाली. मैत्रिणीने दिलेल्या सायकलचे नाव बाईंनी ग्लॅडिस ठेवले. झगा थोडा आखूड केला. सुरुवातीला दोघेतिघे धरून असत. रोज दहापंधरा मिनिटे, असा सराव सुमारे तीन महिने चालला. चाकाकडे पाहिले की तोल जाई, लांब पाहिले की सायकल सरळ धावे. चाकापेक्षा आपले मनच जास्त डगमगते, हे त्यांना उमगले. हा सारा अनुभव त्यांनी १८९५ साली छोट्या पुस्तकात लिहिला. १८९८ साली त्या निवर्तल्या. १९०५ साली अमेरिकेच्या संसदभवनातील पुतळ्यांच्या दालनात त्यांचा पुतळा बसला. तेथे बसलेला तो स्त्रीचा पहिलाच पुतळा.

पुतळ्याचे मला फारसे अप्रूप नाही. मला अप्रूप वाटते ते त्या रोजच्या पंधरा मिनिटांचे. सोळाव्या वर्षी हिरावून घेतलेले त्यांनी त्रेपन्नाव्या वर्षी थोडेथोडे करून परत मिळवले.

आता एक गुपित सांगते. मी एक्कावन्न वर्षांची आहे. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला घरामागच्या खळ्यावर भाचीच्या सायकलवर मी शिकत आहे. भाची मागून धरते. दोनदा पडले, गुडघा सोलला. सासूबाई आधी रागावल्या, मग स्वतःच हळद घेऊन आल्या. परवा भाचीने न सांगता हात सोडला, आणि मी गोठ्यापर्यंत एकटी गेले!

कोरेगावपर्यंत एकटीने सायकलवर जायचे, असे मी ठरवले आहे. कोणाला शिकायचे असेल तर संध्याकाळी खळ्यावर या. सायकल एकच आहे, पाळीपाळीने घेऊ. मात्र मला अजून उतरता येत नाही. तेवढे धरायला कोणीतरी लागेल.