व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या आबालाल रहिमान यांची चित्रं कोल्हापूरच्या तळ्यात गेली, त्याची गोष्ट

वाईच्या गणपती घाटावर गेलात की मांडीवर बोर्ड घेऊन बसलेले चित्रकार हमखास दिसतात. समोर कृष्णा, मागे ढोल्या गणपती. बाहेर बसून निसर्गचित्र काढायचं तर महाराष्ट्रातल्या कला विद्यार्थ्यांसाठी वाई ठरलेलीच.

पण या नादापायी ज्यांनी सगळं आयुष्य घालवलं, ते वाईचे नव्हते. हीच कृष्णा पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगेला मिळते. त्या पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात ते राहायचे. नाव आबालाल रहिमान.

त्यांच्या घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार व्हायच्या, असं सांगतात. म्हणजे हाताला वळण घरातच लागलं. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचं सुवर्णपदक मिळालं.

त्या काळात एवढ्यावर माणूस मुंबईत आरामात स्थिरावला असता. राजा रविवर्म्याचा बोलबाला होता, संस्थानिकांना आणि साहेब लोकांना स्वतःची तैलचित्रं हवी असायची, आणि पैसाही तिथंच होता. निसर्गचित्राला कोण विचारतंय!

आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. १८९४ ला शाहू महाराज गादीवर आले आणि आबालाल यांना दरबाराचा आश्रय मिळाला. दरबाराची कामं ते करायचे, पण मन रमायचं बाहेर. कोटितीर्थ तलावाच्या काठावर त्यांनी मुक्काम ठोकला. कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, रंकाळा, पाणी ओसरलं की उघडा पडणारा संध्यामठ. याच जागा, पुन्हा पुन्हा.

एकच जागा परत परत का काढायची? कारण ती एकच नसते. सकाळी पाण्यावर धुकं असतं, दुपारी नुसती चमक आणि संध्याकाळी दगडसुद्धा तांबूस होतो. हा उजेड अर्ध्या तासात पालटतो, त्यात उन्हानं जलरंग भराभर वाळतात. खाडाखोड करायला वेळच नाही. आबालाल यांच्या निसर्गचित्रांत रेघेपेक्षा रंगांचे छोटे छोटे ठिपके बोलतात, ते यातूनच. पॅरिसमध्ये १८७४ साली इम्प्रेशनिस्टांनी पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यांची आठवण ही चित्रं बघताना होतेच.

६ मे १९२२ ला मुंबईत शाहू महाराज गेले. त्यानंतर आबालाल यांनी आपली चित्रं कोटितीर्थात सोडून दिली, असं कोल्हापुरात आजही सांगितलं जातं. किती? आकडा काही हजारांत सांगतात, तो जरा जपूनच घ्यावा. पण जे मागे उरलं ते थोडकंच, हे खरं. ज्या तळ्याला बघत रंगवलं, त्याच तळ्यात चित्रं गेली. १९३१ ला आबालालही गेले.

त्यांना बघत जे घडले त्यात एक होते बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस पुढे सिनेमाकडे वळला आणि १९२० ला त्यांनी 'सैरंध्री' आणला. कोल्हापूरच्या चित्रकारांची जी परंपरा म्हणतात, तिच्या मुळाशी आबालाल यांचं नाव घेतात.

त्यांची वाचलेली काही चित्रं बघायची असतील तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जायचं.